हाक ओळखीची, फासा परका

अमेरिकेत रानटी टर्कीला भुलवायला प्लॅस्टिकची मादी मांडतात. आपल्या माळावर तेच काम पिंजऱ्यातला तितर करायचा. आणि आता? आता ते काम तुमच्या-माझ्या खिशातला मोबाइल करतोय. शिकार नको, नुसता फोटो हवा असला, तरी पक्ष्याला फसवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

रील्स बघता बघता हा व्हिडिओ कधीतरी तुमच्याही समोर आला असेल. सकाळचं कोवळं ऊन, गवताळ रान, मधोमध टर्कीची एक मादी उभी. अजिबात हलत नाही. थोड्या वेळानं झाडीतून एक दांडगा नर येतो. पिसारा फुलवलेला, मान लालभडक, चाल एकदम रुबाबात. तो त्या मादीकडं सरकत जातो. पलीकडच्या कापडी आडोशातून बाण सुटतो आणि खेळ खलास. खाली कमेंट्समध्ये टाळ्यांचा पाऊस.

ती मादी प्लॅस्टिकची होती, हे त्या नराला शेवटपर्यंत कळलेलं नसतं.

अशा नकली पक्ष्याला इंग्रजीत 'डिकॉय' म्हणतात. हा शब्द बदकं पकडायच्या पिंजऱ्यासाठीच्या डच शब्दावरून आला, असं मानलं जातं. मराठीत आपण भुलवणारा पक्षी म्हणू. शब्द नवा वाटला तरी युक्ती आपल्या चांगलीच ओळखीची आहे. सीतेला भुरळ घालणारा कांचनमृग म्हणजे काय होता? आणि घोडेगावकरांनी तर लांब जायलाच नको. आपल्या तालुक्याच्या गावी, नेवाशात, मोहिनीराजाचं देऊळ आहे. अमृतवाटपाच्या वेळी असुरांना भुलवायला विष्णूनं घेतलेलं मोहिनीचं रूप तिथं पुजलं जातं. फसवणारं रूप कसं असतं, हे आपल्याला गोष्टींतून लहानपणीच कळलेलं आहे. पक्ष्यांना बिचाऱ्यांना कुणी गोष्टी सांगत नाही.

शेळी म्हणजे आमिष, मादी म्हणजे डिकॉय

आधी एक फरक नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना वनविभागाचा पिंजरा माहीत असतो. बिबट्या दिसल्याची ओरड झाली की पिंजरा येतो आणि त्यात शेळी नाहीतर कोंबडी ठेवतात. ते आमिष. बिबट्या येतो तो भुकेपोटी.

डिकॉयची गोष्ट वेगळी आहे. तिथं खायला काही ठेवलेलं नसतं. समोर असतो आपल्याच जातीचा एक जीव, किंवा त्याचा आवाज. पक्षी येतो तो जोडीदार शोधत, किंवा आपल्या हद्दीत घुसलेल्याला हाकलायला. म्हणजे त्याच्या भुकेचा नाही, त्याच्या नात्यांचा वापर होतो. हा डाव इतका हमखास लागू पडतो, त्याचं कारणही हेच. पोट भरलेला प्राणी आमिषाकडं पाठ फिरवू शकतो. विणीच्या हंगामातला नर मात्र प्रतिस्पर्ध्याच्या हाकेकडं सहसा पाठ फिरवत नाही.

ही युक्ती किती जुनी असावी? अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात लवलॉक नावाची गुहा आहे. तिथं १९२४ मध्ये लव्हाळ्यासारख्या गवताची विणलेली बदकं सापडली. तिथल्या मूळ रहिवाशांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती केली होती, खऱ्या बदकांना पाण्यावर उतरवण्यासाठी. आपल्याकडं अकबराच्या काळातल्या 'ऐन-इ-अकबरी'त हरणाकडून हरीण पकडण्याचं वर्णन आहे. पाळीव हरणाच्या शिंगांना जाळं बांधायचं आणि त्याला रानातल्या हरणासमोर सोडायचं. दोघांची झुंज लागली की रानातलं हरीण जाळ्यात अडकायचं.

टर्कीचं सात-आठ पावलांचं गणित

आता त्या रीलकडं जरा बारकाईनं बघू. कारण डिकॉय म्हणजे नुसतं खेळणं मांडणं नव्हे, त्यामागं पक्ष्याच्या वागण्याचा पक्का अभ्यास असतो.

आपल्याकडं टर्की म्हटलं की पोल्ट्रीतला जड पक्षी आठवतो. अमेरिकेतली रानटी टर्की म्हणजे वेगळंच प्रकरण. ती चपळ असते, उडते, रात्री झाडावर झोपते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं तिला मान न वळवताही जवळजवळ २७० अंशांतलं दिसतं. जरा हालचाल दिसली की पसार.

बंदूकवाल्याला हे थोडं सोपं जातं. तो लांबून मारतो. धनुष्यवाल्याला मात्र पक्षी अगदी जवळ, वीस-पंचवीस पावलांच्या आत हवा असतो. शिवाय धनुष्य ताणायला हात हलवावाच लागतो, आणि नेमकी तीच हालचाल टर्कीला दिसते. म्हणजे जवळ तर यायला हवी, पण तिचं लक्ष दुसरीकडं हवं. या दोन्ही अडचणी डिकॉय सोडवतो.

शिकारी आपल्या आडोशापासून जेमतेम सात-आठ पावलांवर नकली मादी मांडतो. तिच्याजवळ कधी एक नकली तरुण नरही ठेवतो. आणि त्या तरुण नराचं तोंड आडोशाकडं करतो. का? कारण रानातला दांडगा नर दुसऱ्या नराला भिडतो तो समोरासमोर. तो वळसा घालून नकली नराच्या तोंडासमोर येतो, म्हणजे आपोआप शिकाऱ्याकडं पाठ करतो. वर पिसारा फुलवलेला, त्यामुळं मागचं काही दिसत नाही. तेवढ्यात धनुष्य ताणलं जातं.

थोडक्यात, त्याचा रुबाबच त्याच्या डोळ्यांवर पडदा टाकतो.

या खेळात माणसंही फसतात बरं का. नकली पक्षी हातात धरून चाललेल्या माणसालाच टर्की समजून दुसऱ्या शिकाऱ्यानं गोळी झाडल्याचे प्रकार तिथं झालेत. म्हणून डिकॉय नेताना तो पिशवीत झाकून न्या, भडक नारिंगी कापड वापरा, असं तिथल्या शिकाऱ्यांना शिकवलं जातं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमेरिकेत हे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात चालतं. वसंतातल्या हंगामात साधारणपणे नरच मारायची मुभा असते. १९३० च्या दशकात तिथली रानटी टर्की सुमारे दोन लाखांवर आली होती. १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी वापरायचा कायदा झाला, आणि १९७२ मध्ये त्यात धनुष्यबाणाच्या सामानाचीही भर पडली. पक्षी पकडून रिकाम्या जंगलांत नेऊन सोडले गेले आणि संख्या साठ-सत्तर लाखांच्या घरात गेली. पण त्याच अमेरिकेनं १९३५ मध्ये बदकांच्या शिकारीत जिवंत पक्षी डिकॉय म्हणून वापरायला बंदी घातली. जिवंत पक्ष्याची हाक इतकी परिणामकारक होती की समोरच्याला सुटायला वावच उरत नव्हता.

जिवंत पक्ष्याची हाक. इथून आपण घरी परत येऊ.

तितर, म्हणजे टर्कीचा चुलतभाऊ

घोडेगाव म्हटलं की बाहेरच्यांना काय आठवतं? नगर–संभाजीनगर हायवे, जनावरांचा बाजार, कांद्याचं मार्केट आणि शनिशिंगणापूरचा फाटा. मुळेच्या कालव्याचं पाणी आलं आणि आजूबाजूला ऊस उभा राहिला. तरी अजून अधूनमधून पडीक तुकडे, बांध, बाभळी आणि माळ शिल्लक आहेत. सकाळी लवकर अशा एखाद्या तुकड्याच्या कडेला गाडी बंद करून पाच मिनिटं थांबा. 'कतीतर-तीतर, कतीतर-तीतर' असा चढत जाणारा खणखणीत आवाज येईल. आपलं नाव स्वतःच सांगत फिरणारा हा पक्षी म्हणजे तितर.

टर्की, मोर, तितर, लावा, आणि आपली घरची कोंबडीसुद्धा, सगळे एकाच कुळातले. म्हणून त्यांच्या वागण्यातही बराच सारखेपणा दिसतो. जमिनीवर चरायचं, जमिनीवरच घरटं करायचं, आणि नरानं आवाज देऊन आपली हद्द जाहीर करायची. तितराचा नर ओरडतो तेव्हा तो सांगत असतो की हा बांध माझा आहे. त्याच बांधावर दुसऱ्या नराचा आवाज आला तर तो गप्प बसत नाही. आधी उत्तर देतो, मग धावत येतो. पायाला आऱ्या असतात, त्या भांडणासाठीच.

आता विचार करा. हा दुसरा आवाज पिंजऱ्यातून येत असेल तर?

बोलका तितर आणि फाश्यांचा गोल

महाराष्ट्रातल्या फासेपारधी समाजाच्या नावातच फासा आहे. त्यांची तितर पकडायची पद्धत जुन्या नोंदींत सापडते आणि जाणत्या माणसांकडून ऐकायलाही मिळते. पाळलेला, चांगला बोलणारा नर छोट्या पिंजऱ्यात घालून पहाटे माळावर ठेवायचा. भोवती बांबूच्या खुंट्या रोवायच्या आणि त्यांना बारीक फासे लावायचे. फासे पूर्वी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे असायचे, पुढं नायलॉन आलं. मग माणसानं लांब जाऊन बसायचं. पिंजऱ्यातला तितर ओरडतो, रानातला उत्तर देतो, चिडतो, धावत येतो. त्याची नजर पिंजऱ्यावर असते आणि पाय फाश्यात.

लाव्यांसाठी बोलके पक्षी काठीला टांगून शेतात ठेवायचे आणि पहाटे जाळं टाकायचं, ही पद्धतही देशाच्या बऱ्याच भागांत होती. पारध्यांतलाच एक गट तर बैलाच्या आडून शिकार करायचा. शिकवलेला बैल चरत चरत पुढं सरकणार आणि त्याच्या आडोशानं माणूस. रानातल्या जनावरांना बैलाची भीती नसते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या गटाची 'गायके' म्हणून नोंद आहे. अमेरिकेतला शिकारी आज दुकानातून कापडी आडोसा विकत आणतो. इथं तो आडोसा चार पायांवर चालत होता.

ही पद्धत चालवायला काय लागत असेल, याची कल्पना करून बघा. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात बोलतो, कोणत्या बांधावर कुणाची हद्द आहे, हाक भांडणाची आहे की जोडीदाराला घातलेली, हे सगळं कानावर ओळखावं लागतं. कित्येक पारधी हे आवाज नुसत्या तोंडानं काढायचे. आज आपण ज्याला पक्षिशास्त्र म्हणून डिग्री देतो, त्यातला मोठा भाग या लोकांना पाठ होता. फक्त तो कुठं लिहिलेला नव्हता.

तीन कायदे, एक समाज

पण या माणसांचं पुढं काय झालं, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात फारसं येत नाही.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. अख्खीच्या अख्खी जमात जन्मानं गुन्हेगार! हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. १९११ च्या सुधारणेनंतर तो देशभर लागू करता येऊ लागला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, ती याच काळातली. पारध्यांवरही हा शिक्का बसला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. म्हणून भटक्या-विमुक्तांमध्ये हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण शिक्का? गावात चोरी झाली की पहिलं नाव कुणाचं निघतं, हे तुम्हाला माहीत आहे. महाराष्ट्रात पारधी ही अनुसूचित जमात आहे, पण कागदाअभावी दाखल्यासाठी खेटे घालणारी कुटुंबं आजही भेटतात.

मग आला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. सुरुवातीला त्यात परवाना घेऊन शिकार करता येत होती. पक्षी-प्राणी जिवंत पकडण्याचाही वेगळा परवाना होता. १९९१ च्या दुरुस्तीनं हे परवाने बंद झाले. आता पीक किंवा माणसाचा जीव धोक्यात असेल, तर वनविभागाच्या लेखी परवानगीनं होते ती कारवाई सोडली, तर शिकारीला जवळपास पूर्ण बंदी आहे.

या कायद्यातली शिकारीची व्याख्या एकदा तरी वाचण्यासारखी आहे. मारणं तर आलंच. पण पकडणं, फासे लावणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. म्हणजे बोलका तितर माळावर ठेवून फासे लावले आणि एकही पक्षी सापडला नाही, तरी गुन्हा झालाच. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटं विचलित करणं हेही याच व्याख्येत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं दंड वाढले. एरवीच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या पक्ष्यासाठी किमान तीन वर्षं कैद.

हा कायदा हवाच होता. माळ संपत चाललेत, विणीच्या हंगामात पकडलेला एक नर म्हणजे एक मोडलेली जोडी, आणि तितराच्या घरट्यात साधारण सहा ते आठ अंडी असतात. हिशोब तुम्हीच करा. माळढोकाचं काय झालं, हे तर आपल्या जिल्ह्यानं आणि शेजारच्या सोलापूरनं डोळ्यांदेखत पाहिलंय. पारंपरिक आहे म्हणून शिकार माफ, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

पण कायद्यानं ज्यांचा धंदा बंद केला, त्यांच्या हातात दुसरं काय दिलं, हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे? पक्ष्याची भाषा येणाऱ्या माणसाला आपण एक तर आरोपी केलं, नाही तर मजूर.

खिशातला बोलका तितर

आणि आता आपली पाळी.

पक्षी बघण्याचा नाद आपल्या वयाच्या पोरापोरींमध्ये वाढतोय, आणि ही खरंच भारी गोष्ट आहे. सुट्टीत जायकवाडीच्या पाण्यावर, कर्जतजवळच्या रेहेकुरी अभयारण्यात कॅमेरे घेऊन फिरणारे ग्रुप दिसतात. मोबाइलमध्ये पक्षी ओळखायची ॲप्स आहेत आणि त्यांत जवळपास प्रत्येक पक्ष्याचा आवाज आहे. मग काय होतं? पक्षी झुडपात लपलेला. फोटो मिळत नाही. कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर काढतं, आवाज लावतं. दोन मिनिटांत पक्षी समोरच्या फांदीवर. क्लिक, क्लिक, क्लिक. स्टोरीला 'व्हॉट अ पोझ' म्हणून हार्ट्स.

जरा थांबा. आपण आत्ता जे केलं, ते काय होतं?

पिंजऱ्यातल्या तितराचं काम स्पीकरनं केलं. फासा नव्हता, एवढाच फरक. पक्ष्याच्या बाजूनं बघितलं तर त्याला तो फरक कळत नाही. त्याच्या हद्दीत एक अनोळखी नर घुसलाय, एवढंच त्याला कळतं. तो घाबरतो, चिडतो, चरणं सोडतो, ओरडण्यात ताकद घालवतो. जोडीतले दोघंही बाहेर आले असतील तर घरटं तेवढा वेळ उघडं पडतं. कावळा, मुंगूस यांना तेवढी संधी पुरते. फांदीवर छाती फुगवून बसलेल्या ज्या पक्ष्याला आपण पोझ म्हणतो, तो बहुतेक वेळा भांडायला आलेला असतो. आणि समोर भांडायला कुणीच नसतं. आपला ग्रुप गेला की दुसरा येतो. तोच पक्षी, तोच आवाज, पुन्हा तेच.

हीच स्पीकरची युक्ती शिकारीसाठीही वापरली जाते. इजिप्तच्या किनाऱ्यावर लावे पकडायला, सायप्रसमध्ये स्थलांतर करणारे छोटे पक्षी पकडायला आवाजाची यंत्रं आणि जाळी लावतात. रात्रीच्या अंधारात हजारो मैलांच्या प्रवासाला निघालेल्या पक्ष्याला खालून ओळखीची हाक येते, म्हणून तो उतरतो. पुढचं सांगायला नको.

मग कुणी म्हणेल, अभ्यासकही आवाज लावतातच की. लावतात. मोजणीसाठी, ठरलेल्या वेळेपुरता, परवानगी घेऊन आणि कारण लिहून. 'माझ्या प्रोफाइलसाठी' हे त्या यादीतलं कारण नाही.

इथं एक गंमत बघा. म्हणजे गंमत कसली, खंतच. पहाटे माळावर बोलका तितर घेऊन बसलेला माणूस दिसला तर आपण लगेच व्हिडिओ काढून व्हायरल करू. त्याच माळावर स्पीकर घेऊन बसलेल्या माणसाला मात्र आपण 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर' म्हणतो. पहिल्यानं पक्ष्याचा जीव घेतला असता, त्यामुळं दोघांचा गुन्हा सारखा नाही, हे मान्य. पण लबाडी एकच आहे. आणि पहिल्याला निदान हाकेचा अर्थ तरी माहीत होता.

युक्ती तीच, हेतू उलटा

डिकॉय म्हणजे कायम वाईटच, असंही नाही. मेन या अमेरिकी राज्याच्या किनाऱ्याजवळ ईस्टर्न एग रॉक नावाचं छोटं बेट आहे. तिथले पफिन पक्षी एकोणिसाव्या शतकात माणसांनी मारून संपवले होते. १९७३ पासून स्टीफन क्रेस या पक्षिशास्त्रज्ञानं कॅनडातून पफिनची पिल्लं आणून या बेटावर वाढवायला सुरुवात केली. पिल्लं मोठी होऊन समुद्रात जायची, पण परत येऊन वसायला कुणी तयार नव्हतं. पफिन वस्ती करून राहतात. रिकामं बेट बघून त्यांना तिथं उतरावंसं वाटत नसणार. मग १९७७ मध्ये बेटावर लाकडी रंगीत पफिन मांडले गेले. खरे पफिन उतरले, लाकडी भाईबंदांशेजारी उभे राहिले. १९८१ मध्ये तिथं पुन्हा घरटी झाली. पुढं हीच पद्धत जगभरात इतर समुद्रपक्ष्यांसाठीही वापरली गेली.

म्हणजे नकली पक्षी तोच, ओढही तीच. तिकडं पक्षी उतरला तो जीव गमवायला, इकडं घर करायला.

माणसांच्या बाबतीतही असं होऊ शकतं, आणि त्यासाठी मेनला जायची गरज नाही. अकोला–वाशीम भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजाबरोबर गवताळ माळ राखायचं काम करते. तिथला खास पाहुणा म्हणजे तणमोर. पावसाळ्यात याचा नर गवतातून उंच उड्या मारून मादीला आपली जागा दाखवतो, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी. फासे लावणाऱ्याला यापेक्षा सोपं काय हवं? पण नेमका कुठं उडी मारणार, हे ज्याला माहीत असतं, तोच त्याची राखणही सगळ्यात चांगली करू शकतो. ज्यांना पिढ्यान् पिढ्या पक्षी सापडत आले, त्यांनाच पक्षी सांभाळायला सांगितलं, आणि त्यांनी ते केलं.

आपल्या नगर जिल्ह्यात माळ आहेत, काळवीट आहेत, जायकवाडीचं पाणी आहे, आणि पक्ष्यांची हाक ओळखणारी माणसंही आहेत. कॉलेजचा निसर्ग मंडळाचा ट्रेक निघतो तेव्हा गाइड म्हणून आपण पुण्याचा एक्स्पर्ट बोलावतो. पुढच्या वेळी गावाच्या कडेला राहणाऱ्या पारधी वस्तीतल्या एखाद्या आजोबांना मानधन देऊन बोलावलं तर? त्यांना स्पीकर लागणार नाही, हे नक्की. पक्षी कुठं आहे ते सांगतील आणि त्याला न उठवता बघायचं कसं, तेही. आणि त्यांच्याबरोबर आलेल्या नातवाला पहिल्यांदाच दिसेल, की आजोबांना जे येतं त्याला लोक ज्ञान म्हणतात, गुन्हा नाही.

तितराची हाक खरी असते. तो खोटं बोलतच नाही, म्हणून तर त्याला फसवणं इतकं सोपं जातं. त्याच्या भाषेत त्याला हाक मारायची ताकद आता आपल्या प्रत्येकाच्या हातात आली आहे. ती वापरायची की नाही, हे ठरवायची समजही आता आपल्यालाच दाखवावी लागेल.

चौकट : माळावर जाताना एवढं लक्षात ठेवा

• विणीच्या हंगामात पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर किंवा स्पीकरवर लावू नका. तितराचा मुख्य हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो. ॲपमधला आवाज ओळख पटवायला ऐकायचा असेल तर हेडफोन लावा.

• घरटं सापडलं तर लांबूनच परत फिरा. फोटो टाकलाच तर लोकेशन टाकू नका.

• तितर, लावा, पोपट यांसारखे रानातले देशी पक्षी पिंजऱ्यात पाळणं आणि त्यांची खरेदी-विक्री करणं बेकायदा आहे. 'हौस म्हणून एकच आणलाय' ही सबब चालत नाही.

• माळावर फासे, जाळं किंवा पिंजऱ्यातला पक्षी दिसला तर स्वतः हात घालू नका, भांडू नका आणि संशयावरून कुणाच्या वस्तीचा व्हिडिओ व्हायरल करू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

• लपलेला पक्षी बघायचा सगळ्यात चांगला उपाय फुकट आहे. एका जागी बसा, फोन सायलेंट करा आणि वीस मिनिटं थांबा. तो स्वतःहून बाहेर येतो, आणि तेव्हा त्याला कुणाशी भांडायचं नसतं.